हृदयाची झडप व क्ष-किरणांचें माप

मनुष्याच्या हृदयास चार दारें आहेत आणि तीं दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष वेळां उघडतात व मिटतात. वैद्यकांत ह्या दारांस झडपा म्हणतात. घराच्या दाराची बिजागरी वर्षां-दोन वर्षांत कुरकुरूं लागते. पण हीं दारें तेलपाण्यावांचून सत्तर-ऐशीं वर्षें चालतात, आणि तीं चालतात हें आपल्या ध्यानींहि नसतें. तीं ध्यानीं येतात तीं बिघडल्यावरच.

बृहदारण्यकोपनिषदांत 'हृदय' ह्या शब्दाचीं तीन अक्षरें निरनिराळीं घेऊन त्यांवर आणणें, देणें व जाणें असे तीन अर्थ बसविलेले आहेत. व्याकरणदृष्ट्या ही व्युत्पत्ति टिकणारी नव्हे, आणि तीवरून आपल्या पूर्वजांस रुधिराभिसरण ठाऊक होतें असें अनुमान काढण्याचा मोह कोणीं धरूं नये. तें ज्ञान इंग्लंडांतील हार्वे ह्यानें १६२८ सालीं ग्रंथद्वारें जगापुढें मांडलें. तथापि आणणें, देणें व जाणें ह्या तीन क्रियांत झडपांचें सारें काम येऊन जातें, ही गोष्ट आम्हांस मौजेची वाटते. रक्त आंत यावें, पुढें दिलें जावें, आणि गेलेलें परत येऊं नये, एवढ्यासाठींच झडपांची योजना आहे.

ह्या चौघींपैकीं जिच्याविषयीं आज आम्ही मुख्यत्वेंकरून लिहिणार आहों, ती महारोहिणीच्या मुखाशीं असलेली झडप होय. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यांतून, म्हणजे डाव्या निलयांतून, शुद्ध रक्त जेथून सर्व शरीराकडे निघतें तेथें ती बसविलेली आहे. तिला अर्धचंद्राकृति तीन पाकळ्या असतात. शेंकडा एक-दोन माणसांस मात्र जन्मतःच दोन पाकळ्या असतात व अशांची झडप लवकर झिजते. निरोगी झडप पूर्ण उघडली असतां तीन ते चार चौरस सेंटिमीटर वाट मोकळी होते. उतारवयांत कित्येकांच्या पाकळ्यांवर चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, थर बसूं लागतात. बंबाच्या नळास आंतून क्षार धरावा तसा हा प्रकार बाहेरून दिसतो. परंतु पाकळीच्या पेशीच येथें हाडासारखें द्रव्य निर्माण करूं लागतात, म्हणून त्यास नुसती झीज म्हणणें बरोबर नाहीं. वाट एक चौरस सेंटिमीटरहून कमी उरली म्हणजे विकार तीव्र झाला असें समजतात.

अशा स्थितींत हृदयास प्रत्येक ठोक्यास अधिक जोर लावावा लागतो. तें वर्षानुवर्षें हा जोर निमूटपणें लावितें, आणि एके दिवशीं त्याची शक्ति सरूं लागते. मग जिना चढतांना धाप लागते, छाती दाटून येते, किंवा देवपूजा आटोपून उठतांना एकाएकीं अंधारी येऊन मनुष्य पडतो. ब्राउनवाल्ड व रॉस ह्या अमेरिकन वैद्यांनीं १९६८ सालीं दाखवून दिलें कीं, हीं लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय न केल्यास आयुष्य थोडें उरतें: छातींत दुखूं लागल्यापासून सरासरी पांच वर्षें, मूर्च्छा येऊं लागल्यापासून तीन, आणि धाप लागूं लागल्यापासून अवघीं दोन. आमच्या घरांतून मात्र ह्या तिन्ही लक्षणांवर एकच निदान ठरलेलें असतें: "आतां वय झालें." हें निदान करण्यास वैद्य लागत नाहीं, आणि म्हणूनच तें घातक आहे.

ह्या विकाराची पहिली परीक्षा एको ही होय, आणि पुढेंहि तीच पहिली राहील. ध्वनिलहरींच्या साह्यानें झडपेंतून रक्त किती वेगानें जातें हें तींत मोजतात. वेग सेकंदास चार मीटर किंवा अधिक असला, अथवा झडपेच्या दोन्ही अंगांच्या दाबांतील सरासरी अंतर पाऱ्याच्या चाळीस मिलिमीटरांवर गेलें, तर विकार तीव्र ठरतो व पुढें वाद उरत नाहीं. पण कित्येक रुग्णांत वाट तर अरुंद दिसते आणि वेग मात्र कमी भरतो. कारण असें कीं, नदीस पाणीच थोडें असेल तर अरुंद दारांतूनहि त्याचा जोर दिसत नाहीं. हृदय थकलेलें असेल, किंवा त्याचा कप्पाच लहान असेल, तर रक्त कमी बाहेर पडतें आणि माप फसवें येतें. येथें तज्ज्ञ वैद्यहि घोटाळ्यांत पडतो, आणि येथेंच सी. टी. स्कॅनचा खरा उपयोग सुरू होतो.

हें यंत्र काय आहे तें थोडें सांगितलें पाहिजे. राँटगेन ह्यांस क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरांत लागला. त्या किरणांनीं काढलेलें चित्र म्हणजे वस्तुतः सावली. ताम्हन, पळी व पंचपात्री एकामागें एक ठेवून समईपुढें धरलीं तर भिंतीवर एकच काळा आकार पडेल. त्यांत पळी कोणती व ताम्हन कोणतें हें ओळखूं येणार नाहीं. परंतु समई हातीं घेऊन त्या वस्तूंभोंवतीं कोणी फिरला आणि प्रत्येक पावलागणिक पडणारी सावली टिपीत गेला, तर त्या शेंकडों सावल्यांवरून गणितानें मूळ वस्तूंची मांडणी काढतां येईल. हें गणित ऑस्ट्रियाचे राडोन ह्यांनीं १९१७ सालींच सिद्ध केलें होतें. दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेले कॉर्मॅक ह्यांनीं त्याच प्रश्नावर स्वतंत्रपणें विचार करून १९६३ व १९६४ सालीं लेख लिहिले. त्यांजकडे त्या वेळीं कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. प्रत्यक्ष यंत्र उभें केलें तें गॉडफ्री हौन्सफील्ड ह्या इंग्रज अभियंत्यानें, तेंहि ई. एम. आय. ह्या कंपनींत, आपणांकडील जुन्या घरांस ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळें परिचित असलेली हीच ती कंपनी. १९७१ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस लंडनजवळील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत पहिल्या रुग्णाच्या मस्तकाचें असें चित्र निघालें. १९७९ सालीं कॉर्मॅक व हौन्सफील्ड ह्यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळालें, आणि त्या दोघांपैकीं एकानेंहि डॉक्टरेटची पदवी संपादिलेली नव्हती. जन्मभर मुलांच्या परीक्षा घेत आलेल्या आमच्यासारख्यास ही गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

मस्तक स्थिर राहतें, म्हणून त्याचें चित्र आधीं साधलें. हृदय क्षणभरहि स्थिर राहत नाहीं, म्हणून त्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. आजचीं यंत्रें सुमारें पाव सेकंदांत एक फेरा पुरा करितात. शिवाय छातीवर तारा लावून हृदयाच्या विद्युत्स्पंदनाची रेषा घेतात व तिच्याशीं मेळ घालून, ठोक्याच्या ठरलेल्या क्षणाचींच चित्रें एकत्र करितात. त्यामुळें झडप उघडली असतांना कशी दिसते आणि मिटली असतांना कशी, हें वेगवेगळें पाहतां येतें. रुग्णास काम एवढेंच कीं, सांगतील तेव्हां कांहीं सेकंद श्वास रोखून निश्चल पडणें.

आतां पूर्वोक्त घोटाळ्याकडे वळूं. चित्रांतील प्रत्येक बिंदूस दाटपणाचा एक आंकडा असतो व त्या मापास हौन्सफील्ड ह्यांचेंच नांव दिलेलें आहे: पाण्याचा आंकडा शून्य, हवेचा उणें एक हजार. १३० च्या वर जो भाग भरतो तो कॅल्शियमचा धरून, त्याचें क्षेत्र व दाटपणा ह्यांचा गुणाकार करितात. ही रीत अ‍ॅगॅट्स्टन ह्या अमेरिकन वैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९० सालीं हृदयाच्या रोहिण्यांसाठीं प्रसिद्ध केली. पुढें ती झडपेस लावण्यांत आली. हिला शिरेंतून औषध टोंचावें लागत नाहीं व वेळहि थोडा लागतो. पुरुषांत बेरीज २००० वर गेली तर झडपेचा विकार बहुधा तीव्र, आणि १६०० च्या खालीं असली तर बहुधा तीव्र नव्हे. स्त्रियांत मात्र १२०० वरच विकार बहुधा तीव्र मानितात, व ८०० च्या खालीं असली तरच तो बहुधा तीव्र नव्हे असें म्हणतात. स्त्रियांचें शरीर व झडप लहान असते; शिवाय त्यांच्या पाकळ्या चुन्याइतक्याच नुसत्या तंतूंनींहि ताठरतात.

हा भेद आमच्या चुलत घराण्यांतील एका वडील वहिनींच्या प्रसंगीं आमच्या प्रत्यक्ष अनुभवास आला. वय ७८, अंगकाठी किरकोळ. वर्षभर धाप लागत होती. ती त्यांनीं कोणास सांगितली नाहीं, कारण सांगण्यासारखें कांहीं आहे असें त्यांस वाटलेंच नाहीं. एकोमध्यें वाट अरुंद, वेग कमी. पुढें सी. टी. झाला आणि आंकडा १५४० आला. तरुण डॉक्टर त्यांस म्हणाले, "आजी, हाच आंकडा आजोबांचा असता तर आम्ही थांबा म्हटलें असतें. तुमचा आहे म्हणून थांबूं नका म्हणतों." वहिनी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, माझें आतां काय राहिलें आहे? तो पैसा नातवंडांच्या शिक्षणास लावा." खोलींत कोणी बोलेना. शेवटीं सूनबाईंनीं मान वर न करतांच म्हटलें, "काका, मामंजींचे दोन्ही गुडघे बदलले तेव्हां त्यांचें वय पंचाऐशीं होतें. तेव्हां हा प्रश्न निघाला नव्हता." खर्च करावयाचा असें त्याच बैठकींत ठरलें. घरांतील कर्त्या पुरुषांच्या दुखण्यास आपण जो तराजू लावितों तोच बायकांच्या दुखण्यास लावितों किंवा कसें, हें प्रत्येक कुटुंबानें आपल्याशीं ताडून पाहावें; आम्हांस उत्तर समाधानकारक वाटत नाहीं.

तीव्र विकारावर औषधानें चुना विरघळत नाहीं; झडप बदलणें हाच उपाय. पूर्वीं ती छाती उघडून, हृदय थांबवून, शरीराबाहेरील यंत्रावर रक्त फिरवूनच बदलतां येत असे व वृद्धांपैकीं अनेकांस हें झेपत नसे. फ्रान्सांतील रुआं शहरीं आलँ क्रिबिए ह्यांनीं १६ एप्रिल २००२ रोजीं, घडी घातलेली झडप नळीवाटे हृदयापर्यंत नेऊन फुग्यानें जागेवर फुलविली. तो रुग्ण ५७ वर्षांचा, अत्यवस्थ, आणि त्याच्या पायांच्या रोहिण्या बंद झालेल्या. म्हणून नीलेच्या मार्गानें व हृदयाचा मधला पडदा ओलांडून जावें लागलें. झडप उत्तम चालली, रुग्ण मात्र पुढें सुमारें चार महिन्यांनीं पायाच्या विकारांतून वारला. शस्त्रक्रियेस अपात्र अशा ३५८ रुग्णांचा अमेरिकेंत जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले: नुसत्या औषधोपचारानें वर्षाच्या आंत शंभरांपैकीं सुमारें ५१ दगावले, नळीवाटे झडप बसविलेल्यांपैकीं सुमारें ३१. अर्धांगवायूचें प्रमाण मात्र दुसऱ्या गटांत अधिक होतें, हेंहि सांगितलें पाहिजे.

ह्या उपचाराचें सारें यश मापावर आहे. छाती उघडली असतां शल्यवैद्य जुनी झडप कापून काढतो व वलयांत मापाचे ठोकळे घालून पाहतो. येथें जुनी झडप तशीच राहते, तिच्याच चुन्याच्या आधारानें नवी धरली जाते, आणि डोळ्यांपुढें कांहींच उघडें नसतें. कासार बांगडी भरण्यापूर्वीं हात दाबून पाहतो. लहान घेतली तर चढत नाहीं किंवा फुटते, मोठी घेतली तर गळून पडते. येथें चूक उलट्या बाजूंनीं भोंवते: झडप लहान पडली तर कडेनें रक्त मागें गळत राहतें, क्वचित् झडपच जागा सोडते, आणि फार मोठी बसविली तर वलयच फाटतें, ज्यांतून रुग्ण वांचणें कठीण. आरंभींच्या वर्षांत हें माप एकोच्या सपाट चित्रावरून घेत. तें चित्र एकच व्यास दाखवी, व वलय वाटोळें आहे असें गृहीत धरलें जाई. सी. टी.नें दाखविलें कीं, वलय वाटोळें नसून लंबवर्तुळाकार असतें. वहिनींचें एका अंगानें २५ मिलिमीटर आणि दुसऱ्या अंगानें २० भरलें. ह्यांपैकीं एकच हातीं आलें असतें तर कोणती झडप घेतली असती? आतां तिन्ही पाकळ्यांचीं सर्वांत खालचीं टोंकें जुळवून एक पातळी कल्पितात व तिच्यावरील वलयाचा परीघ आणि क्षेत्रफळ दोन्ही मोजतात. मिलिमीटराचा हिशेब येथें पांडित्याचा नव्हे. झडपांचीं मापें बहुधा तीन-तीन मिलिमीटरांच्या अंतरानें येतात. गुजराथेंत वापी येथें तयार होणाऱ्या एका देशी झडपेचीं दीड-दीड मिलिमीटरांनीं येतात. मापच ढोबळ असतें तर ह्या बारीक पायऱ्या व्यर्थ ठरल्या असत्या.

ह्याच एका तपासणींतून आणखीहि उलगडा होतो. हृदयाचें स्वतःचें पोषण करणाऱ्या रोहिण्यांचीं मुखें ह्या वलयाच्या थोडीं वरच असतात. तीं बारा मिलिमीटरांहूनहि खालीं असलीं तर नवी झडप फुलतांना जुनी पाकळी त्यांवर दडपली जाण्याचें भय असतें, म्हणून आधीं सावध राहतां येतें. झडपेमागच्या तीन फुगवट्यांस इटलीचे शरीरशास्त्रज्ञ व्हॅल्साल्व्हा (१६६६–१७२३) ह्यांचें नांव आहे. त्यांच्याहि दोनशें वर्षें आधीं लिओनार्दो दा व्हिन्चीनें ह्या फुगवट्यांत रक्ताचे भोंवरे उठून पाकळ्या मिटतात असें चित्रें काढून सांगितलें होतें. त्या फुगवट्यांची रुंदीहि मोजली जाते. तसेंच जांघेपासून हृदयापर्यंतचा सगळा रस्ता दिसतो. नळी जावयास रोहिणी साधारण साडेपांच-सहा मिलिमीटर तरी रुंद हवी, फार वळणावळणाची नको, आणि सभोंवार चुन्यानें वेढलेली नको. वहिनींची डावी बाजू वाईट निघाली, उजवी बरी; मार्ग उजवीकडून घेतला गेला व पांचव्या दिवशीं त्या घरीं आल्या. दोन्ही बाजू वाईट असत्या तर काखेजवळून किंवा अन्य वाटेनें जाण्याचा बेत करावा लागला असता, पण तो टेबलावर नव्हे, आधींच. क्रिबिएंच्या पहिल्या रुग्णाची गोष्ट आठवली म्हणजे ह्या आगाऊ ज्ञानाचें मोल कळतें.

एवढ्यावरून सर्वांनींच नळीचा उपाय पत्करावा असें मात्र नव्हे. अमेरिकेंतील २०२० सालच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणें पासष्टांच्या आंतील रुग्णास सामान्यतः शस्त्रक्रिया बरी, ऐशींच्या पुढील रुग्णास नळीवाटे झडप बरी, आणि मधल्या वयांत दोन्ही पक्ष रुग्णापुढें ठेवून ठरवावें. दोनच पाकळ्यांची झडप, फार चुना, किंवा सोबत इतर रोहिण्यांचा विकार असेल तर शस्त्रक्रियेचें पारडें जड होतें. नळीवाटे झडप घातल्यावर कांहींजणांस पेसमेकरहि लागतो. खर्च कित्येक लाखांच्या घरांत जातो, त्यापुढें सी. टी.चा खर्च अल्प आहे.

आपल्या देशांत झडपेचें दुखणें म्हटलें म्हणजे पुष्कळदां तें वार्धक्याचें नसून लहानपणच्या घसादुखीनंतर येणाऱ्या संधिज्वराचें असतें. तें मुख्यतः डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील द्विदल झडपेस धरतें व पंचवीस-तीस वर्षांच्या सुनांस बाळंतपणांत उघडकीस येतें. तेथें एको हेंच मुख्य साधन आहे. योग्य रुग्णांत जपानच्या इनोऊए ह्यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या फुग्यानें झडप मोकळी करितात. अशा तरुण स्त्रीस, विशेषतः ती गर्भवती असतांना, क्ष-किरणांच्या तपासणीचा आग्रह कोणी धरूं नये. ऐशीं वर्षांच्या मनुष्यास त्या किरणांचें भय फारसें नाहीं. पंचविशींत तें जमेस धरलेंच पाहिजे.

ज्यांच्या हृदयांत पूर्वींच कृत्रिम झडप आहे त्यांसहि ही तपासणी उपयोगी पडते. त्रिवेंद्रम येथील श्रीचित्रा संस्थेंत वलियाथन व त्यांचे सहकारी ह्यांनीं तयार केलेली तबकडीची झडप १९९० च्या डिसेंबरांत प्रथम रुग्णास बसविली गेली, व अशा यांत्रिक झडपा आपल्या ओळखींतील कित्येकांच्या छातींत टिकटिक करीत आहेत. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चुकली कीं तबकडीशीं गुठळी धरते. धातूमुळें एकोचें चित्र येथें झांकोळतें, सी. टी.मध्यें तबकडी किती अंशांनीं उघडते हें मोजतां येतें, आणि अडथळा गुठळीचा कीं वाढलेल्या तंतूंचा, ह्याचाहि बराच अंदाज येतो. पहिल्यास औषध चालेल, दुसऱ्यास नाहीं. नळीवाटे बसविलेल्या झडपांच्या पाकळ्यांवरहि कधीं कधीं पातळ गुठळीचा थर धरतो आणि रुग्णास कांहींच जाणवत नाहीं, ही गोष्ट २०१५ सालीं सी. टी.मुळेंच उजेडांत आली. थर दिसल्याबरोबर प्रत्येकास औषध द्यावें कीं लक्षणांची वाट पाहावी, ह्याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहे.

राहतां राहिली तयारीची गोष्ट. झडप बसविण्यापूर्वींच्या तपासणींत आयोडिनयुक्त औषध शिरेंतून देतात व तें मूत्रपिंडांस कधीं कधीं बाधतें. म्हणून रक्तांतील क्रिएटिनिनचा अलीकडचा आंकडा बरोबर न्यावा. मधुमेहाच्या गोळ्या, पूर्वीं कोणत्या औषधानें अंगावर गांधी उठल्या असल्यास ती हकीकत, आणि आधींचे एकोचे सर्व कागद एका पिशवींत भरून ठेवावे. ज्यांची झडप अरुंद आहे त्यांस नाडी मंद करण्याची किंवा जिभेखालीं ठेवण्याची गोळी, जी इतर हृदय-तपासण्यांत सर्रास देतात, ती विचारपूर्वकच द्यावी लागते. तेव्हां झडपेचा विकार असल्याचें तपासणी करणाऱ्यास घरच्या माणसानें स्वतः होऊन सांगावें, कागदावर लिहिलें आहे म्हणून स्वस्थ बसूं नये.